गुडघ्यांची विचारपूस करणाऱ्या डॉक्टरबाई

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात सामील झाला होता, तेव्हा मी परिचारिका म्हणून महागावच्या दवाखान्यात रुजू झाले. पहिल्याच सकाळी डॉक्टर शांताबाई देवघरे एका म्हातारीसमोर जमिनीवर बसलेल्या दिसल्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "नवीन सिस्टर ना? इकडे या. या गुडघ्यावर हात ठेवा. करकर लागते का हाताला?"

लागत होती.

गुडघेदुखी म्हणजे वय झाले, अशीच सर्वांची समजूत होती. पूर्वीच्या दवाखान्यात मीही तेलाची बाटली देऊन अशा रुग्णांना वाटेला लावत असे. बाईंना ते मान्य नव्हते. "वय तर पुरुषांचंही होतं. मग रांगेत बायकाच जास्त का?" असे त्या विचारीत. या प्रश्नापायी आम्ही दोघी दोन हिवाळे घरोघर फिरलो. प्रत्येक वयस्क माणसाला बाई उठायला-बसायला लावीत, जन्मभर काय काम केले ते विचारीत. जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी गुडघा धरून उठे. त्यात बायका अधिक. अंगाने जड, उकिडवे बसून राबलेल्या, डोक्यावर ओझी वाहिलेल्या. पुरुषांत बहुधा पूर्वी गुडघ्याला मार बसलेले.

बाईंच्या हातून एक चूकही झाली. ती या लेखात लिहाच, असे त्यांनी मला बजावले आहे. कापडाच्या व्यापाऱ्याच्या आई खातूनबी यांना त्या भर रांगेत म्हणाल्या, "आधी वजन उतरवा!" लोक हसले. खातूनबी पुन्हा आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. "चारचौघांत बोलले, माझं चुकलं."

खातूनबी म्हणाल्या, "बाई, वजन मले बी दिसते. कमी कसं करू, थे कोनी सांगत नाही. घराबाहेर निंगनंच नाही माह्यं."

बाईंनी तिथेच त्यांना खाटेवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम शिकवला, आणि पुढे कित्येक महिने त्या दर आठवड्याला जाऊन तो करवून घेत राहिल्या. खातूनबी पुढे पायी दवाखान्यात येऊ लागल्या. आमचा वजनकाटा मात्र बाईंनी माफी मागितली त्या दिवसापासूनच पडद्याआड गेला.

जवळच्या बंजारा तांड्यावर बायका विहिरीपाशी खाली बसून भरलेला हंडा डोक्यावर घेत आणि सारा भार गुडघ्यांवर देऊन उठत. हंडा ठेवून उभ्यानेच डोक्यावर घेता येईल असा कमरेइतका ओटा तिथे हवा, असा बाईंनी आग्रह धरला. तांड्याचे नायक म्हणाले, "डाक्टरीनबाई, म्हातारपनी गुडघे दुखतेच. त्याले ओटा कायले?" तीन वेळा नकार मिळाला. बाई चौथ्यांदा गेल्या. त्या वेळी नायकांची आई भिंतीला धरून बाहेर आली.

"तुह्या घरचं पानी मी जलमभर आनलं. आता बसली का मले उठवत नाही. नातसुनेचे तरी गुडघे वाचव ना!"

नायकांनी मान खाली घातली. बाई म्हातारीजवळ गेल्या. "आजी, ओटा झाला तरी तुमचे गुडघे पहिल्यासारखे होणार नाहीत. झिजलेलं भरून येत नाही. मी खोटं सांगणार नाही."

"मले ठाव हाय, बाई. ओटा मांगून राह्यली थे माह्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवसापासून बायकांनी दगड गोळा केले. ओटा नायकांनी स्वतःच्या हाताने रचला.

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचेही गुडघे आता दुखतात. विश्रांती घ्या, असे सुचवले तर म्हणतात, "कळंबकडची गावं अजून पाहायची आहेत." आम्हा साऱ्यांची एवढीच इच्छा आहे, की बाईंना भरपूर आयुष्य लाभावे, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी त्यांना कोणाच्या आधाराशिवाय उठून, हव्या त्या गावाची वाट धरता यावी.