चाकावरचा हात

सुरतेत वाढूनही माझ्या लेकीनं समुद्र पाहिला नव्हता. अपंग मुलांना सहलीला नेणाऱ्या एका संस्थेच्या बसनं आम्ही डुमसच्या किनाऱ्यावर गेलो, तेव्हा तिची व्हीलचेअर ढकलायला संस्थेचाच एक खानदेशी माणूस आला. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो किनाऱ्यावरही ओरडूनच बोलायचा. काळ्या वाळूत दोन पावलं गेला की थांबायचा, वाकून चाकाला हात लावायचा, पट्टा ओढून बघायचा. त्याची ती धास्ती पाहून मला तो नवखा वाटला.

"नवीन आहात का?" मी विचारलं.

"नाही ताई, जुना आहे. उधन्याच्या कारखान्यात लूमवर धागा तुटला की शेठ ओरडायचा. इथं कोणीच ओरडत नाही. म्हणून जास्त भेव वाटतं."

लाट आली. लेक किंचाळली. तो घोट्यापर्यंतच्या पाण्यात चाक घट्ट धरून उभा होता, चेहरा पार उतरलेला.

"मागं घेऊ का, ताई?"

"अजून पुढं!" लेकच ओरडली.

तो माझ्याकडे बघत राहिला. घरातही तिच्या खुर्चीवरचा हात न सोडणारी मी, कोरड्या वाळूत मोकळ्या हातांनी उभी होते. माझ्या वाट्याचीही भीती त्यानंच घेतली होती.