अंगठ्याची पारख

"गाडयेत बसतला कोण?"

टायर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आमचे मिस्त्री पहिला प्रश्न हा विचारायचे. गाडी कुठली, चाक केवढं, परवडेल काय, हे सगळं मागाहून. गिऱ्हाईक गोंधळायचं. "मीच की," असं म्हणालं, तर मिस्त्री मान हलवून नुसतं "आणि?" म्हणायचे. मग हळूहळू त्याच्या घरातली माणसं बाहेर पडायची. बायकोला दिवस गेलेत, सासऱ्यांना दमा आहे, धाकटीला गाडी लागते. हे सगळं नीट ऐकून घेतल्यावर मिस्त्री खाकी अर्ध्या चड्डीला हात पुसत उठायचे आणि टायरांच्या रांगेकडे वळायचे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस टायर विकत होता की सोयरीक जुळवत होता? पहिला महिनाभर मीही तेच म्हणत होतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. अंधेरीला घोडबंदर रोडवर आमचं टायरचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकांचं, मी तिथं विक्रीला होतो. मॅट्रिक झालो होतो, इंग्रजीत पत्र लिहू शकत होतो आणि तेवढ्या भांडवलावर दुकान आपणच चालवतो अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे दुकान चालत होतं ते मिस्त्रींच्या उजव्या अंगठ्यावर.

टायर समोर आला की ते आधी त्याचा वास घ्यायचे. आपण बाजारात खरबुजाचा घेतो तसा, डोळे मिटून. मग त्याची बाजू दोन्ही हातांनी वाकवायची आणि ताणलेल्या रबरावरून अंगठा फिरवायचा. शेवटी अंगठ्याचं नख रबरात रुतवायचं आणि वाट बघायची. नखाची खूण भरून आली तर टायर जिवंत. नाही आली तर मेलेला, मग तो वरून कितीही काळा कुळकुळीत दिसो. त्यांनी पसंत केल्याशिवाय आमच्या दुकानातून टायर बाहेर पडत नसे. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंतच्या ड्रायव्हर लोकांना हे माहीत होतं. मालक तर मोठ्या अभिमानाने सांगायचे, "आमचा माल मिस्त्रींनी बघितलेला असतो."

मला त्यांनी हाताला धरून शिकवलं. कोकणातला माणूस, बोलणं तिरकं, पण शिकवताना कधी चिडायचे नाहीत. मी चांगल्या टायरला वाईट म्हणालो की हसायचे. "अरे बाबा, इंग्रजी वाचतस मां? मग ह्यां वाच," असं म्हणून माझा अंगठा धरून रबरावर फिरवायचे. त्यांच्या हाताला कायम खोबरेल आणि रबर असा एकत्र वास यायचा. माझ्याही हाताला तो यायला लागला तेव्हा माझी आई वैतागली होती आणि मला मात्र आतून बरं वाटलं होतं.

आमच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टर होते. तिशीतले, गोरेपान, हौशी. त्यांच्याकडे एक छोटी लाल उघडी गाडी होती. विलायती, दोन माणसांची, तारांच्या चाकांची, वरचा कापडी टप मागे दुमडून ठेवता यायचा. अंधेरीत ती गाडी निघाली की दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहायचे. पण खरी मजा पुढेच होती. डॉक्टरांच्या शेजारी बहुतेक वेळा त्यांची आई बसलेली असायची. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, पदर उडू नये म्हणून तो दातांत धरलेला आणि मांडीवर भाजीची पिशवी. गाडी इतकी बुटकी की आत शिरताना त्यांची तारांबळ उडायची. मिस्त्री लगबगीने जाऊन त्यांना हात द्यायचे. "मिस्त्री, ही कसली मोटार? पाटावर बसल्यासारखं वाटतं. आता पान वाढा म्हणावं," असं त्या म्हणायच्या आणि दोघंही हसायचे. आमसुलांची पुडी, लिंबाचं लोणचं असं काही ना काही त्या मिस्त्रींसाठी आणायच्या.

एका पावसाळ्याच्या अखेरीस या गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले. चार चाकं आणि स्टेपनी असे पाच टायर हवे होते. परदेशी माल येणं तेव्हा फार अवघड झालं होतं आणि त्या मापाचा टायर इथं सहजी मिळत नव्हता. मिस्त्रींनी विचार करून एक तोड काढली. पाव पोचवणाऱ्या एका बेकरीच्या छोट्या गाडीला तेच माप लागत होतं आणि तो टायर इथंच बनत होता. जाड, ओबडधोबड, पण ताजा. भायखळ्याला त्यांच्या ओळखीचा एक व्यापारी होता. तो दोन-तीन आठवड्यांत पाच टायर मिळवून देणार होता.

"बेकरीच्या गाडीचे टायर?" डॉक्टर हसत म्हणाले. "मिस्त्री, मी पेशंट बघायला जातो, पाव टाकायला नाही."

मीही हसलो. जरा जास्तच मोठ्याने हसलो. इतकी वर्षं झाली, त्या हसण्याची अजून लाज वाटते. डॉक्टरांच्या बरोबरीने उभं राहून हसता येतंय याचाच मला आनंद झाला होता. आणि त्या आनंदात मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आमच्या गोदामात विलायती आहेत. तुमच्याच मापाचे. पांढऱ्या पट्ट्याचे."

ते होते हे खरं. लढाई संपली त्या सुमारास आलेले पाच टायर मागच्या गोदामात, पत्र्याच्या छपराखाली, कागदात गुंडाळून तसेच पडले होते. मालक त्या दिवसांत मुलुंडला दुसरं दुकान काढायचं म्हणत होते आणि तिथं कोणाला बसवायचं हे ठरायचं होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल मी हलवला तर मालकांच्या नजरेत भरेन, हा हिशेब माझ्या डोक्यात होता. मालकांनी मला तसं काही सांगितलं नव्हतं. माणूस सरळ होता. हे माझं स्वतःचं शहाणपण.

डॉक्टर गेल्यावर मी आणि मिस्त्री गोदामात गेलो. मी कागद सोडला. पांढरा पट्टा लखलखत होता. मिस्त्रींनी वास घेतला, बाजू वाकवली आणि तिथं केसासारख्या बारीक भेगा उमटलेल्या मला दाखवल्या. मग नख रुतवलं. आम्ही दोघं त्या खुणेकडे बघत राहिलो. ती भरून आली नाही.

"दिसाक नवो, पण मेलेलो हा," ते म्हणाले. "पाचय तसलेच. ह्ये डॉक्टराक देव नको. म्हातारी बसता त्या गाडयेत."

दुसऱ्या दिवशी ते गणपतीला गावी निघाले. कोकणातला माणूस गणपतीला मुंबईत थांबत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जाताना दुकानात येऊन मला बजावून गेले, "मी येयसर थांब. पाववाल्याचे टायर मी घेवन येतंय. डॉक्टराक काय ता सांग."

मी हो म्हणालो.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. आईला मामांच्या गणपतीला दहिसरला न्यायचं होतं. टायर झाले का, म्हणाले. मी पांढऱ्या पट्ट्याचे पाच टायर बाहेर काढले. आमच्याकडे दुसरा एक फिटर होता, मिस्त्रींच्याच चाळीत, वाकोल्याला राहणारा. त्याने विचारलं, "मिस्त्रींनी बघितलेत ना?"

"बघितलेत," मी म्हणालो. पुढचं काही सांगितलं नाही.

गाडी फार सुंदर दिसत होती. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

दहिसरच्या नदीअलीकडे पुढचा डावा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून ताडाच्या झाडावर आदळली. डॉक्टरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांच्या आईचं कमरेचं हाड मोडलं. त्यानंतर त्या कधी आधाराशिवाय चालल्या नाहीत.

डॉक्टर दुकानात आले ते ओरडले नाहीत. फाटलेला टायर त्यांनी मालकांच्या समोर ठेवला आणि विचारलं, "हा कोणी निवडला?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मिस्त्रींनी बघितले होते."

सगळ्यांना ते पटलं. का पटू नये? त्यांच्या पसंतीशिवाय आमच्याकडून टायर बाहेर जात नाही हे साऱ्या जगाला माहीत होतं. त्या माणसाने वीस वर्षं मिळवलेलं नाव मी त्याच्याच अंगावर ढकललं.

मिस्त्री गावाहून परतले तेव्हा पिशवीत आम्हा सगळ्यांसाठी खटखटे लाडू होते. मालकांनी त्यांना पिशवी खाली ठेवायलाही उसंत दिली नाही.

"मिस्त्री, हे टायर तुम्ही पसंत केलेत?"

मिस्त्रींनी टायर उचलला, फाटलेली कड बघितली. त्यांचा चेहरा उतरला. "म्हातारी बरी हा मां?" त्यांनी आधी हे विचारलं. मालकांनी सांगितल्यावर ते म्हणाले, "मी नको म्हणान सांगितलंय, मालक. ह्येका विचारा."

मालक माझ्याकडे वळले. दुकानात गर्दी नव्हती. बाहेर एक टांगा उभा होता आणि घोडं मान हलवत होतं. मिस्त्री माझ्याकडे अगदी विश्वासाने बघत होते. मी खरं सांगेन याबद्दल त्यांच्या मनात शंकाही नव्हती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

आज मला सगळं आठवतं. त्या घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाजसुद्धा आठवतो.

मालकांनी त्यांना काढलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, "यापुढे टायर निवडायचं काम तुम्ही करू नका. पंक्चर बघा." मिस्त्री आठ दिवस पंक्चर काढत बसले. त्या आठ दिवसांत ते मला एकही वावगा शब्द बोलले नाहीत. फक्त मला "तुमी" म्हणायला लागले. "तुमी जरा सरा", "तुमचो चहा इलो हा." नवव्या दिवशी ते आले नाहीत. लाडवांची पिशवी बरेच दिवस खुंटीला तशीच होती. मी एकही लाडू खाल्ला नाही, त्याचा कोणाला काय उपयोग होता म्हणा.

काही महिन्यांनी मी डॉक्टरांच्या आईला भेटायला गेलो. जायला नको होतं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काही म्हणा, मिस्त्री असं करायचे नाहीत. कुठंतरी घोटाळा झालाय. तुम्ही जरा चौकशी करा हो." मी करतो म्हणालो. वर त्यांनी दिलेलं सरबत प्यायलो.

मुलुंडचं दुकान मला मिळालं.

मिस्त्रींची खबर मला त्या दुसऱ्या फिटरकडून कळायची. वाकोल्यालाच एका सायकलच्या दुकानात ते पंक्चर काढायला बसत होते. दर महिन्याला मी ठरवायचो, या रविवारी जाऊन त्यांचे पाय धरायचे. कधी पाऊस असायचा, कधी पाहुणे, एकदा तर सांताक्रूझ स्टेशनात उतरून परत फिरलो. अशी चार वर्षं काढली. मग एकदा फिटर म्हणाला, "मिस्त्री गेले, कळलं ना? तापाने. महिना झाला." तेव्हा गेलो. जिवंत माणसासमोर उभं राहायची छाती नव्हती, तो गेल्यावर निघालो, यावरून माझी लायकी तुम्ही ओळखा.

चाळीतली दुपार होती. त्यांच्या बायकोने मला ओळखलं नाही. दुकानातला आहे म्हटल्यावर पाट मांडला, चहा टाकला. म्हणाल्या, "दुकान सोडून इले, पण कित्याक सोडल्यांनी ता कधी बोलाक नाय. म्हातारेची कंबर मोडली ती ह्येंच्या टायरान, असा चाळीत बोलत. ह्ये जिन्यातसून जायत तेव्हा लोक गप होयत. ह्ये खाली मान घालून जायत."

चहाचा कप हातात तसाच ठेवून मी त्यांना सगळं सांगितलं. गोदाम, नखाची खूण, मालक, सगळं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"ह्यां तेंका सांगाक व्हया होतां," सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

"आणि माका हळू कित्याक सांगतास?" त्या उठल्या. पदर खोचला आणि दार पूर्ण उघडलं. "भायर चला."

बाहेर गॅलरीत बायका तांदूळ निवडत होत्या. दोघं-तिघं म्हातारे बाकावर बसले होते. समोरच्या खोलीतला तो फिटर, रविवार म्हणून दाढी करत होता. मिस्त्रींच्या बायकोने मला त्या सगळ्यांच्या मध्ये उभं केलं आणि स्वतः कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "मोठ्यान. आधी तुमचा नाव सांगा."

मी नाव सांगितलं. मग पहिल्यापासून सांगायला लागलो. मध्ये एकदा आवाज खाली आला, तर त्या म्हणाल्या, "आयकाक येणा नाय," आणि मी ते वाक्य परत, आणखी मोठ्याने म्हणालो. तांदूळ निवडणारे हात थांबले. फिटरने वस्तरा खाली ठेवला. शेवटपर्यंत सांगून झालं. बाकावरचा एक म्हातारा हाताचा आधार घेऊन उठला, माझ्याकडे न बघता माझ्या बाजूने गेला आणि मिस्त्रींच्या दारासमोर उभा राहून त्याने डोक्यावरची टोपी काढली.