अंगठ्याची पहाट

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही वस्तू जशी विकत आली तशी वापरली नाही. छत्री आणली की तिच्या दांड्याला तंबाखूच्या चंचीसाठी खुंटी बसायची, सायकलला पोतं धरणारा लाकडी हात फुटायचा. सासूबाईंच्या जात्याला त्यांनी फेऱ्यागणिक वाजणारी घंटा लावली होती, त्यामुळे दळता दळता म्हातारीचा डोळा लागला की सगळ्या गल्लीला कळायचं. याला कोणी दुरुस्ती म्हटलं की साडूंना राग यायचा. म्हणायचे, "दुरुस्ती मोडलेल्याची असते. हे जोड हाय."

मी दुसरी शिकलेला माणूस. सही येते, पण सावकाश. आमच्या धाड गावात शाळेच्या गुरुजींनी नाटक बसवलं, त्यात कैदेतला राजा मी. गुरुजींनी बुलढाण्याहून पहाट पाडायची पेटी आणली होती. आत गॅसबत्ती, पुढे रंगीत काचांची चकती. मी "मला प्रकाश हवा" म्हटलं की गुरुजी चकती फिरवणार आणि माझ्यावर आधी लाल, मग पिवळा उजेड पडणार. पण माझ्या तोंडून दर तालमीला निघायचं, "मले उजीड पाह्यजे." गुरुजी वहीवर बोट ठेवून वाट पाहत बसायचे. वहीत तसं वाक्यच नव्हतं. चौथ्या तालमीला ते म्हणाले, आता चुकलास तर राजा बदलीन. मीही हट्टाला पेटलो. उजेड मागायचा तर मधे हवा कशाला मागू, तुम्हीच सांगा.

साडूंनी पेटी उलटसुलट पाहिली. करणाऱ्यानं ती चालवणाऱ्यासाठी केली, बोलणाऱ्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. गुरुजींना न सांगता, पेटीचा एक खिळाही न काढता, त्यांनी चकतीला दोरी जोडली आणि रंगमंचाच्या फळ्यांखालून आणून माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली.

"आता तुही पहाट तुह्या आंगठ्यात," म्हणाले. "मले म्हण नाही तं मला म्हण."

नाटकाला बाजारची माणसंही थांबली होती. मी म्हणायचं ते माझंच म्हणालो. गुरुजी वही चाळायला लागले, तोच त्यांच्या नाकासमोर चकती आपोआप फिरली आणि माझ्यावर पहाट उतरली. बायकांनी हात जोडले. एक खोट तेवढी राहिली होती. पाय आखडला की चकती मागं जायची. अर्ध्या भाषणात माझ्या पोटरीत गोळा आला. पाय हलला की अंधार, ताणला की पहाट. आडोशाला उभे साडू हळूच बोलले ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं: "पाय लांब ठेव बे, सूर्य बुडून राह्यला."

लोक हसले, मी पाय ताणूनच भाषण संपवलं. राजा मीच राहिलो. पुढच्या साली गुरुजींनी माझं वाक्य वहीत घेतलं आणि बाजूला 'दुरुस्ती' लिहिलं. साडूंनी ते खोडून 'जोड' लिहायला लावलं.

शेवटच्या आजारात साडूंना खाटेवरून उठवत नव्हतं. घरात लाइट आली होती, पण बटण भिंतीवर, हाताला न पुरणारं. मी बटणाला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला. त्यांनी अंगठा ओढला, दिवा लागला. मग त्या उजेडात अंगठ्यावरची गाठ निरखली.

"जोड बरं हाय," म्हणाले. "गाठ ढिली हाय."

खाट आता रिकामी आहे. घरचे सुतळी काढायला लागले, मी काढू दिली नाही. गाठ तेवढी आवळून घेतली.