बाईंसाठी मारलेली गाठ

मावशी मेडिकल कॉलेजात झाडू मारायला लागली तेव्हा लेक कडेवर होती आणि नवरा फोटोत. शाळा दुसरीपर्यंत. तळघरात मोठ्या बाई मेंदूवर संशोधन करायच्या. मावशीचा हात हलका आहे हे त्यांनी हेरलं आणि तिच्या हातातला झाडू काढून सुरी दिली. म्हातारपणी माणूस आपल्याच माणसांना का विसरतो, हे शोधता शोधता बाईंचं नाव जगभर झालं. शोध बाईंचा, पण मेंदू टांगायचे आणि त्यांच्या चकत्या करायच्या त्या मावशीनेच.

टांगायचे म्हणजे खरंच टांगायचे. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ. बादलीच्या तळाला टेकला की चपटा होतो, कामातून जातो. म्हणून बुडाच्या शिरेखालून दोरा ओवून तो कडीला बांधायचा आणि घट्ट होईपर्यंत महिनाभर औषधात उलटा लोंबकळत ठेवायचा. एकतीस वर्षांत मावशीची एकही गाठ सुटली नव्हती.

सुटली नव्हती ती मावशीही. "एवढं एक वर्ष काढ गं," बाई दरवर्षी म्हणायच्या. साठी उलटली. इकडे लेकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले, आठवा महिना सरत आला. या खेपेला मावशीने गाडीचं तिकीटच काढलं.

आणि बाई गेल्या.

दुपारी शोकसभा झाली. नव्या साहेबांनी बाईंची चिठ्ठी वाचली : 'माझा मेंदू इथेच ठेवावा. तो मावशीनेच टांगावा, मावशीनेच कापावा.' कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच हात मांडीखाली दडवले.

"मावशी, केवढा मान दिलाय बाईंनी तुम्हाला," साहेब म्हणाले.

"हो ना. मेल्यावरसुद्धा रजा नाही."

साहेबांना वाटलं, दुःखाने बोलतेय.

तिने लेकीला फोन लावला.

"महिना लागेल गं."

"महिन्याने कशाला येतेस? बाळ चालायला लागलं की ये. तू येणार म्हणून मी सासूबाईंना नको म्हणून बसलेय, आई. त्या बाई तर गेल्या, मग आता अडवतंय कोण तुला?"

मावशीने फोन ठेवला आणि तळघरात उतरली.

खाली ट्रेमध्ये बाईंचा मेंदू ठेवला होता. वाटला होता त्यापेक्षा लहानच. मावशीने ठरवून टाकलं : गाठ सैल मारायची. सकाळपर्यंत तळाला बसेल. दोरा कुजका निघाला म्हणायचं. एकतीस वर्षांच्या हाताला कोण विचारतंय? मग संध्याकाळची गाडी. भिंतीकडे बघतच तिने दोरा ओवला, बांधला, झाकण लावलं आणि घरी जाऊन पिशवी भरली.

सकाळी झाकण उचललं तर मेंदू बादलीच्या बरोब्बर मध्ये लोंबकळत होता. कुठे टेकला नव्हता. तिने गाठ निरखली. तीन वेढे, करकचून ओढलेले, टोक आत खोचलेलं. मन गाडीत जाऊन बसलं होतं, तेवढ्यात बोटांनी आपलं नेहमीचं काम उरकून टाकलं होतं.

ती स्टुलावर टेकली.

"बाई, सोडा की आता," ती म्हणाली.

गाठीला नख लावून पाहिलं. हलेना. खणात कात्री होती. तिने ती काढली, दोऱ्यापाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग गाठीबाहेर उरलेलं दोऱ्याचं जास्तीचं टोक तेवढं कापलं, झाकण लावलं आणि फोन उचलला.

"सासूबाईंना बोलावून घे," ती लेकीला म्हणाली.