स्प्रिंग गट्टी झालीय

आमच्या घरात पिस्तुलाला हात लावायची हिंमत एकट्या अक्काची. मला लवंगी पेटवायची म्हटलं तरी घाम फुटायचा. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आठवडाभर टेलिफोनच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि रविवारी रेंजवर जाऊन पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडून यायची. "कुणाचं तोंड डोळ्यांपुढे आणतेस गं?" असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "तुझंच. म्हणून तर नेम चुकत नाही."

तिचं पिस्तूल लहान गोळीचं, स्पर्धेचं, रीतसर परवान्याचं. एकदा वरची स्लाइड आतल्या स्प्रिंगेच्या जोराविरुद्ध मागे ओढून सोडली, की पुढच्या गोळ्या आपोआप चढत जातात. ती पहिली ओढ मात्र स्वतःच्या हाताने द्यायची, असा तिच्या क्लबाचा नियम होता. दुसऱ्याने ओढून दिलेलं पिस्तूल घेऊन कुणी स्पर्धेत उभं राहायचं नाही. अक्काला हा नियम पाठ होता, आणि तो तिला आवडायचाही. कुणाकडून काही करून घेणं तिला जन्मात जमलं नाही.

आम्ही बेंगळूरचे मराठी. किती पिढ्यांचे ते विचारू नका, आम्हालाही ठाऊक नाही. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की कुठला शब्द कुणाचा हे सांगता येत नाही. गट्टी हा त्यातलाच. पुण्याकडे दोन पोरांची गट्टी जमते. आमच्याकडे गट्टी म्हणजे घट्ट, कणखर, कडक. वडील गेले तेव्हा चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीतल्या बायका अक्काकडे बघून म्हणाल्या होत्या, "पोरगी गट्टी आहे हो." विशीतली पोरगी ती. रडली नाही, नोकरीला लागली, मला शिकवलं, लग्न केलं नाही. तेव्हापासून माझ्या कानाला गट्टी हा शब्द म्हणजे कौतुकच.

तर गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी के. आर. पुरमच्या पुलाखाली गाड्यांच्या रेट्यात अडकलेलो, डोकं तापलेलं. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "अरे, पिस्तुलाची स्प्रिंग गट्टी झालीय."

"मग बरंच की," मी म्हणालो. "अजून दहा वर्षं बघायला नको."

ती मग "सरी, बरं, ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच म्हणाली, आणि मीही पुन्हा तेच उत्तर दिलं. शहाणाच ना मी!

जेवताना बायकोला सहज सांगितलं, की अक्काचं पिस्तूल झकास आहे, स्प्रिंग गट्टी आहे म्हणते. बायको पुण्याची. घास हातातच ठेवून ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात माझ्या चपातीला तू गट्टी म्हणालास. ती काय स्तुती होती?"

मी ताटातल्या चपातीकडे बघितलं.

"अरे, अक्का तक्रार करतेय. तिला ती स्लाइड ओढवत नाहीये."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अक्काकडे गेलो. तिने कॉफी केली. कॉफीचा डबरा, ती आमची खोलगट वाटी, भरून आणला, पण आणताना तो दोन्ही हातांनी धरलेला. मी बघतोय म्हटल्यावर तिनेच सांगून टाकलं. हातातली ताकद जातेय. जे. पी. नगरात एका डॉक्टरीणबाईंना तीन महिन्यांपूर्वीच दाखवलं होतं. नसांचा आजार आहे. औषधाने थोडा सावकाश होईल, थांबणार नाही. आधी हात, मग बाकीचं.

"तीन महिने? आणि मला सांगितलं नाहीस?" मी ओरडलोच.

"दोनदा फोन केला की," ती म्हणाली.

काय सांगू, त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी हात पुढे केला होता. थेट बोलवेना म्हणून स्प्रिंगेच्या नावाने केला होता. आणि मी मूर्ख तिला शाबासकी देत बसलो.

पण अक्काचं रडगाणं नव्हतंच. तिच्या डोक्यात एकच होतं. दोन महिन्यांनी क्लबाची वर्षाची स्पर्धा होती, आणि त्यात तिला आणखी एकदा स्वतःच्या हाताने उभं राहायचं होतं. बाकी काही नको. "हलकी स्प्रिंग मिळते," ती म्हणाली. "ती घातली की जमेल मला." मी म्हटलं, जमवूच. त्या क्षणी तिने तोफ मागितली असती तरी मी शोधायला निघालो असतो.

तिच्या ओळखीचे एक मेस्त्री होते, परवाना असलेल्या दुकानात हत्यारं दुरुस्त करणारे. म्हातारे, कन्नड बोलणारे, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी हलकी आणि मूळ ताकदीची अशा दोन्ही स्प्रिंगा मागवून ठेवल्या, आणि तीन आठवड्यांनी आम्ही गाडीने गेलो.

त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि माझ्या हातात दिलं. "ओढून बघा, सार."

मी दोन बोटं लावली. स्लाइड लोण्यातून सुरी जावी तशी मागे आली. गट्टी कसली, मरगळलेली होती बिचारी. माझं तोंड बघून अक्काने मान वळवली.

मेस्त्रींनी जुनी स्प्रिंग काढून मूळ ताकदीच्या नव्या स्प्रिंगेशेजारी काचेवर उभी केली. जुनी अर्ध्या बोटाने बुटकी. "वय झालं की स्प्रिंग नरम पडते, मेडम. कडक कधी होत नाही," असं बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. चष्मा काढून ते पुसत बसले.

"मला ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "हलकी घाला."

मेस्त्री समजावू लागले. म्हणाले, "स्प्रिंगेची कामं दोन. गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का पोटात घ्यायचा, आणि स्लाइडला पुन्हा पुढे नेऊन नवी गोळी जागेवर बसवायची. हलकी असली तर धक्का मागच्या लोखंडावर बसतो, आज ना उद्या तडा जातो."

"जाऊ दे तडा," मी म्हणालो. "फुटलं तर फुटलं. पिस्तुलाचे लाड कसले करताय? माणूस मोठं की लोखंड?" माझा आवाज चढलेला होता. शेजारच्या दुकानातला एकजण डोकावूनही गेला.

मेस्त्रींनी हलकी स्प्रिंग घातली. दोन खोटी काडतुसं, नुसती सरावाची, मॅगझिनमध्ये भरली आणि पिस्तूल अक्काच्या हातात दिलं.

पहिल्यांदा तिची बोटं घसरली. दुसऱ्यांदा स्लाइड अर्ध्यावर येऊन परत गेली. तिसऱ्यांदा तिने पिस्तूल पोटाशी धरलं, ओठ आवळले, सगळं अंग लावलं आणि ओढली. आली! पूर्ण मागे आली. अक्का हसली हो. कितीतरी महिन्यांनी तिला तसं दात दाखवून हसताना बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. मेस्त्रीसुद्धा "भेष, मेडम, भेष!" म्हणाले.

मग तिने सोडली. स्लाइड हळूहळू पुढे गेली आणि वाटेतच थांबली. काडतूस तोंडाशी अडकून वाकडं उभं. मेस्त्रींनी ते काढलं, स्लाइडला तेल दिलं. तिने पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या हातून आलीच नाही.

मी म्हणालो, "तेल जास्त झालं असेल. दुसरी काडतुसं घाला. याहून बरी एखादी मिळेल कुठे, मुंबईहून मागवू." मी बोलतच होतो. अक्का टेबलावरच्या पिस्तुलाकडे बघत होती.

"साकु," ती म्हणाली. आमच्याकडे साकु म्हणजे पुरे. "मला जमते त्या स्प्रिंगेला तिचं काम जमत नाही. काढा ती. बरोबरची घाला."

"अक्का, बरोबरची तुला ओढवणार नाही."

"मला नकोच आहे ओढायला. आता ज्याच्याकडे जाईल त्याला सरळ मिळू दे." मग मेस्त्रींना म्हणाली, "दुकानातच ठेवून घ्या. विकायचे कागद करा. कुणी नीट हाताळणारा बघा."

मी भांडलो. खरंच भांडलो, त्या दुकानात, म्हाताऱ्या माणसासमोर. म्हणालो, इतकी काय घाई आहे, घरी राहू दे, नुसतं कपाटात राहू दे. अक्का म्हणाली, "परवान्याचं हत्यार उगीच कपाटात ठेवत नाहीत रे," आणि सही करायला बसली. सही करायला तिला फार वेळ लागला. मेस्त्रींनी कागद धरून ठेवला होता.

बाहेर येऊन गाडीत बसलो. ती बेल्ट ओढून खाचेत घालू लागली. बक्कल दरवेळी बाजूला सरकत होतं. मी आरशात बघण्याचं सोंग केलं. तिची धडपड आपण बघायची नाही, हे एव्हाना मी शिकलो होतो.

"इकडे बघ," ती म्हणाली. "लाव."

मी वाकून बेल्ट लावला. आठ वर्षांनी मोठी माझी बहीण लहान मुलासारखी हात वर करून बसली होती. मी किल्ली फिरवायला गेलो, तोच तिने मला थांबवलं.

"तुला वेणी घालता येते का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"मग उद्यापासून सकाळी ये. माझी बोटं दाखवण्याइतकी चालतात तोवर शिकून घे."