थिर्झाचा अंडरटोन

यॉर्कशरमधल्या एका लोकरीच्या गिरणीत थिर्झा ॲक्रॉइड रंग जुळवायचं काम करायची. रंगवलेला तुकडा उत्तरेच्या खिडकीशी तिरपा धरायचा नि सांगायचं, "निळा बरोबर आहे, पण अंडरटोन तांबडा मारतोय. परत टाका." वरच्या रंगाखाली दडलेल्या पुसट झाकेला तिचा रंगारी बाप अंडरटोन म्हणायचा. आधीची पंधरा वर्षं मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे तिचे कान गेले होते. पण बाकीच्या विणकर बायांसारखी तीही समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायची.

१९१२ साली एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादक पेल्हम गिरणीत आले. मॅनेजर सटक्लिफ त्यांना थिर्झाकडे घेऊन गेले.

"अंडरटोन म्हणजे दबक्या आवाजातलं बोलणं, एवढं आमच्याकडे आहे," पेल्हम म्हणाले. "टोन मूळचा ग्रीक. ताणलेल्या तारेचा ताण." म्हणजे आपल्याच 'ताण'चं लांबचं भावंड. "पण रंगासाठी हा शब्द कधीपासून वापरतात?"

"बापाच्या वहीत आहे की! बासष्ट सालचं पान बघा." थिर्झाने डागाळलेली वही हौसेनं पुढे केली.

पेल्हम पानं चाळू लागले तसे सटक्लिफ त्यांच्याकडे झुकून पुटपुटले, "वहीचं काय घेऊन बसलात? बाईला हे सगळं मीच शिकवलंय. माझं व्याख्यान छापलेलं आहे, पाठवून देतो."

आवाज दबका होता, पण तोंड उजेडाकडे होतं. थिर्झाने शब्द न् शब्द वाचला.

"धडधडीत खोटं बोलताय, साहेब!"

पेल्हम ओशाळले. "काय आहे बाई, आम्हाला छापील पुरावा लागतो," म्हणत त्यांनी वही टेबलावर ठेवली.

नऊ वर्षांनी शब्दकोशाचा तो खंड गावच्या वाचनालयात आला. थिर्झा ठेवणीतला रविवारचा कोट घालून बघायला गेली. रंगाचा अर्थ होता, तिच्याच शब्दांत. खाली पुरावा म्हणून नाव होतं सटक्लिफच्या व्याख्यानाचं.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना गाठलं.

"तुझं नाव येऊन तू काय करणार होतीस, थिर्झा?" त्यांनी हसत विचारलं.

"बापाचं यायला हवं होतं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात सैन्याच्या गणवेशाचं कापड परत आलं. सटक्लिफ तुकडा घेऊन धावत आले. "बघ गं, कुठे चुकलंय? अंडरटोन कसला दिसतोय?"

थिर्झाने तुकड्याला हातसुद्धा लावला नाही. "पुस्तकात बघा."

शनिवारी तिला काढून टाकलं. पुढची अकरा वर्षं तिने गावातल्या धुलाईघरात परक्यांच्या चादरी उकळल्या. सटक्लिफना त्या शब्दावर बोलायला लीड्सपर्यंत आमंत्रणं येत राहिली. ते जातही होते. तिच्या मागे भाचीने घर आवरलं तेव्हा ती डागाळलेली वही इतर कागदांबरोबर चुलीत गेली.