वर्गाचा व्हेंटिलेटर

लोकांत मी बोलत नाही. बचत गटाच्या बैठकीतसुद्धा सही करते आणि भिंतीला टेकून बसते. म्हणून ज्या दिवशी बोलले तो दिवस सगळ्या गावाला पाठ आहे.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या अलीकडे, सगळा उसाचा पट्टा. रस्त्यावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर जातात, हंगामात कारखान्याची काजळी उडत येते आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. शाळेत देणगीतून एक खोली नवी करून घेतली तेव्हा ही धूळ आत येऊ नये म्हणून सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या. वरचे जुने झरोके विटांनी बुजवले, कारण त्यात पारवे घरटी करायचे. आत मोठा टीव्ही लावला. गावाला फार कौतुक. दार लावलं की बाहेरचा आवाजही येत नाही, असं सगळे सांगायचे.

माझी मुलगी त्याच खोलीत बसायची. दुपारी घरी आली की कपाळ धरून बसायची. बाई सांगायच्या, ही वर्गात पेंगते. मला वाटायचं, घरात मी एकटीच आहे, पोरीला पहाटे उठवून शेणपाणी करायला लावते, त्याचीच ही झोप. बाईंसमोर मी खाली मान घालून उभी राहायचे. घरी येऊन तिला लवकर निजवायला लागले, पहाटेची कामं स्वतःच उरकू लागले. तरी तिचं डोकं दुखायचं थांबेना.

मग पालकसभा झाली. खोलीत फार गरम होतं, एसी बसवू, असं काही जणांचं म्हणणं होतं. म्हणून नगरहून, सावेडीतून, एका इंजिनियर बाईंना बोलावलं होतं. वयाने लहानच होत्या. मुलं पुढे सतरंजीवर, आम्ही मागे. दार लावलेलं, खिडक्या बंद. त्यांनी टेबलावर एक पांढरी डबी ठेवली. तिच्यावर आकडे दिसत होते. आम्ही बसलो तसे ते वाढत गेले.

त्या म्हणाल्या, "हे आकडे बघा, आपण सगळे श्वास सोडतोय आणि ती हवा इथेच साठतेय. एसीने खोली गार होईल, हवा तीच राहील. वर बिल येईल ते वेगळंच." मग पुढे बसलेल्या माझ्या मुलीकडे त्यांचं लक्ष गेलं. ती डोळे चोळत होती. "ही बघा, या मुलीला इथे नीट श्वास मिळत नाहीये. एसी राहू द्या, हिला व्हेंटिलेटरची गरज आहे. आजच ठरवा."

कोरोनात तिच्या वडिलांना नगरला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, यांना व्हेंटिलेटरची गरज आहे, आत्ताच ठरवा. मी कशीबशी वाकडीतिकडी सही केली होती. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, घरीही आले नाहीत. हा शब्द मला तेवढाच माहीत होता.

मी कधी उठले ते कळलं नाही. मुलांच्या मधून गेले आणि पोरीचा दंड धरला.

"न्हाई! माज्या पोरीला व्हेंटिलेटर लावायचा न्हाई! हिच्या बापाला लावला हुता. मी सही करनार न्हाई!"

मग मागून माझा चुलत दीर म्हणाला, "वैनी, खाली बसा. पोरीला न्हाई, भिताडाला लावायचाय!"

खोली हसण्याने भरली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मुलं तर लोळलीच. इंजिनियर बाई हसल्या नाहीत. "चूक माझी आहे, ताई. झरोका म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी तसं म्हटल्यावर मला आणखीच मेल्यासारखं झालं. पोरीने माझा हात झटकला होता, तो तसाच हवेत राहिला होता.

घरी येताना ती पुढे चालत होती. ओट्याशी आल्यावर म्हणाली, "आई, तू बोलत न्हाईस तेच बरं हाय."

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला चिडवायला लागली. "ए व्हेंटिलेटर, शिवास घे की!" ती पोट दुखतं म्हणून घरी राहू लागली. मी समजूत काढायला गेले की भिंतीकडे तोंड करायची. शेवटी एवढंच म्हणाली, "जाते मी. पन तू शाळंकडं यायचं न्हाई. कायबी झालं तरी यायचं न्हाई."

मी तिला तसं वचन दिलं. शाळेवरून जाणारा रस्ताच सोडला. गुरांसाठी उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, घेऊन येताना शाळेच्या मागच्या बांधावरून यायला लागले. तिथे बाभळी आहेत, पायात काटे मोडतात, पण माणूस भेटत नाही.

पुढे त्या खोलीच्या बांधाकडच्या भिंतीचं काम झालं. बुजवलेले झरोके फोडले, त्यांना तिरक्या पट्ट्या आणि पारवे शिरू नयेत म्हणून जाळी बसवली. समोरच्या भिंतीत खालीही तशीच जाळी ठेवली. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर, विजेचं काही काम नाही. हे मला पोरीने सांगितलं नाही. बचत गटात बाया बोलत होत्या, मला बघून गप्प झाल्या.

एक दिवस बांधावरून जाताना वरच्या झरोक्यातून तिचा आवाज आला. ती धडा वाचत होती. खणखणीत, न अडखळता. पेंगणाऱ्या पोरीचा आवाज तो नव्हता. डोक्यावरचा भारा तसाच धरून मी भिंतीखाली उभी राहिले. तेवढ्यात वाढ्याची कुसळासारखी बारीक कूस घशात गेली आणि मला खोकला आला. दाबला तर आणखी जोरात आला. आतलं वाचन थांबलं. कुणीतरी फिसकन हसलं. मी पळाले. भारा कलंडला, अर्धं वाढं बांधावरच सांडलं.

संध्याकाळी ती दप्तर उघडून बसली. मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होते.

"आज भिंतीमागं तू हुतीस ना?"

"न्हाई गं," मी म्हणाले.

"खोकला तुजाच हुता. सगळ्यांनी वळखला. त्या झरोक्यातनं वारं येतं तसं समदंच आत येतं."

भाकरी माझ्या हातात फाटली. "मग?"

"बाईंनी इचारलं, कोन हाय मागं?" तिने पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारली. "मी म्हनले, माजी आई हाय. वाढं घिऊन चालली आसंल. मग परत वाचाय लागले."

मी फाटलेली भाकरी तशीच तव्यावर टाकली. मान वर करायचं धाडस झालं नाही. अजूनही मी बांधावरूनच जाते, रस्त्याने जायला पाय उचलत नाहीत. पण त्या भिंतीखाली खोकला आला तर आता दाबत नाही.